चार वेशी, पाच खिडक्या आणि एक दिवस

खापरखेड्यात चंद्रपूर ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. पण ते चंद्रपूर बदलीच्या कागदावरचे. ऑर्डर निघाली की चर्चा सुरू होते ती ऊर्जानगरात क्वार्टर मिळेल का, मुलांच्या शाळेचे काय, आणि तिथला उन्हाळा आपल्याला सोसेल का. आपले वीजकेंद्र १३४० मेगावॅटचे, तिथले २९२०. कोळसा, राख, चिमण्या, कन्व्हेयर हे सगळे आपल्या रोजच्या पाहण्यातले. त्यामुळे तिकडे जाऊन आलेला माणूससुद्धा सांगतो, "काय पाहायचं? आपल्यासारखंच गाव आहे, फक्त मोठं." उरलेले लोक चंद्रपूरला जातात ते मोहर्लीच्या फाटकातून ताडोब्यात शिरायला. वाघ दिसला तर आनंदात, नाही दिसला तर चिडून, पण दोन्ही वेळा शहराला वळसा घालूनच परत येतात.

या दोन गर्दींच्या मध्ये एक तटबंद शहर उभे आहे. पाचएकशे वर्षांपूर्वी गोंड राजांनी वसवलेले, चार वेशींचे, पाच खिडक्यांचे, अकरा किलोमीटरच्या आसपास परकोट असलेले. विदर्भात किल्ले पुष्कळ आहेत, पण तट शाबूत आणि आत पाच शतके न थांबता नांदणारी वस्ती, असा जोड चांद्याइतका, म्हणजे चंद्रपूरइतका, ठसठशीत दुसरीकडे नाही. ते शहर एका दिवसात कसे पाहावे, कुठून सुरुवात करावी, कुठे रेंगाळावे आणि काय बिनधास्त सोडून द्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी जाण्याचे. खापरखेड्याहून नागपूर वीसेक किलोमीटर आणि तिथून चंद्रपूर दीडशेच्या आसपास. स्वतःची गाडी असेल तर कोराडीवरून बाहेरच्या रिंगरोडने शहर टाळा, बुटीबोरी गाठा आणि हैदराबादच्या महामार्गाने जामपर्यंत जा. जामला हिंगणघाटचा रस्ता सोडून वरोऱ्याकडे वळायचे. पुढे भद्रावती, मग चंद्रपूर. पहाटे साडेपाचला निघालात तर नऊच्या आत जटपुरा गेटपाशी असाल. रेल्वेने जायचे तर नागपूर–बल्लारशा मार्गावरच्या गाड्या आहेतच. फक्त तिकीट काढताना स्टेशनाचे नाव नीट वाचा. 'चंद्रपूर' हे दिल्ली–चेन्नई मार्गावरचे स्टेशन, तर 'चांदा फोर्ट' हे गोंदिया–नागभीडकडून येणाऱ्या वेगळ्या मार्गावरचे. नावात किल्ला आहे म्हणून नागपूरहून निघालेल्याने चांदा फोर्ट शोधत बसू नये, त्याला चंद्रपूरच हवे.

दिवस निवडताना डोके शांत ठेवा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांना टेकतो आणि तटावर सावली नावाची गोष्ट नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात तट हिरवागार दिसतो, पण शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो आणि झुडपांत साप असतात. चैत्र पौर्णिमेला महाकालीची यात्रा भरते. ती पाहायची असेल तर जरूर जा, फक्त त्या दिवशी शहर पाहण्याचा बेत करू नका. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, आणि तेलंगणातून भाविकांचा असा लोंढा येतो की तेव्हा देवीचे दर्शन झाले तरी पुष्कळ.

आता थोडा इतिहास, तोही पुढे पाय ज्या दगडांवर पडणार आहेत त्यांच्यापुरता. चांद्याच्या गोंड राजांची पहिली राजधानी सिरपूर, आज ती तेलंगणात आहे. तिथून ते वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला आले आणि तिथून चंद्रपूरला. शहर वसवणारा राजा खांडक्या बल्लाळशाह. याची कथा चांद्यात लहान मुलालाही पाठ असते. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते, कोणत्याही औषधाने जात नव्हते. शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्यायला, त्यानेच हातपाय धुतले. रात्री गाढ झोप लागली आणि सकाळी राणीला दिसले की फोड गेले आहेत. खळगा साफ केला तेव्हा खडकात गाईच्या पावलांचे ठसे दिसले. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे त्याच परिसरात एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याचा उलटा पाठलाग करताना दिसला. राणी म्हणाली, ही जागा शुभ आहे, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट घाला.

ससा कुत्र्याच्या मागे लागल्याची गोष्ट दक्षिणेतल्या इतर राजधान्यांबद्दलही सांगतात, विजयनगरची तर प्रसिद्धच आहे. तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. पण कथेत सल्ला देणारी राणी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. चांद्याच्या इतिहासात शहाणपण पुन्हा पुन्हा राण्यांच्याच पदरात पडलेले दिसते.

खांडक्याचा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात. नेमक्या सनावळ्या पुस्तकागणिक बदलतात, कारण राजांची यादी मुख्यतः मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९च्या सुमारास जमाबंदीच्या कामात लोकांकडून ऐकून लिहून काढली. पाया खांडक्याच्या काळात, वेशी हीरशाहाच्या काळात आणि तट पुरा झाला तो पुढे धुंड्या रामशाहाच्या वेळी, असा क्रम साधारणपणे सांगितला जातो. म्हणजे हे काम एका राजाचे नाही, पिढ्यांचे आहे. अकबराच्या दरबारात 'आईन-इ-अकबरी' लिहिली गेली तेव्हा चांद्याच्या राजाची आणि त्याच्या मुलखातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींची नोंद त्यात झाली. जंगलातले एखादे आडगाव असते तर दिल्लीला त्याची दखल घ्यायचे कारण नव्हते.

हीरशाहाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असे त्याचे धोरण होते. पूर्व विदर्भातली तळी आणि त्यांच्याखालचे धानाचे बांध पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

तेव्हा सुरुवात जटपुरा गेटपासून करा. ही उत्तरेची वेस. नागपूरहून येणारा रस्ता इथेच शहरात शिरतो आणि आजही निम्मे चंद्रपूर रोज या एका कमानीखालून ये-जा करते. त्यामुळे दहानंतर इथे उभे राहून काही पाहणे अशक्य. ऑटो, दुचाक्या, हातगाड्या, आणि मध्ये शिट्टी फुंकणारा वाहतूक पोलीस. गाडी वेशीबाहेरच कुठेतरी लावा आणि पायी या. कमानीच्या दोन्ही अंगांना वर पाहा. घडीव दगडात कोरलेला शार्दूल दिसेल, सिंहासारखा, हत्तीवर चढलेला. हेच गोंड राजांचे राजचिन्ह. चारही वेशींवर ते आहे आणि प्रत्येक ठिकाणी थोडे निराळे. सोबत मुले असतील तर त्यांना दिवसभराचे काम मिळाले: कोणत्या वेशीवरचा शार्दूल सगळ्यात उग्र, ते ठरवायचे.

वेस पाहताना तिची जाडी पाहा. रस्ता सरळ आत जात नाही, वेशीच्या पोटात वळतो. हत्तीला धावत येऊन दारावर धडक मारता येऊ नये म्हणून ही योजना. आज त्याच वळणावर गाड्या अडकतात आणि लोक वेशीला शिव्या घालतात. ज्या कामासाठी वळण बांधले, ते काम ते अजून चोख करते आहे.

जटपुऱ्याच्या आत थोड्याच अंतरावर जिल्हा कारागृह आहे. हाच गोंड राजांचा वाडा, म्हणजे आतला किल्ला. राजवाड्याचा तुरुंग होणे हे आपल्याकडे नवे नाही, पण इथे त्याला एक जळजळीत संदर्भ आहे. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला कंपनीच्या फौजेशी लढले. शेवटी फितुरीने पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच तुरुंगाच्या आवारात त्यांना फाशी दिली. वय पंचविशीचे. एरवी अर्थातच आत जाता येत नाही. पण २१ ऑक्टोबरला बाबूरावांना अभिवादन करायला गोंड समाजाची माणसे दुरून येतात, आणि मोहरमच्या दिवसांत आतल्या गैबीशाह वलींच्या दर्ग्यासाठी तुरुंगाचे दार लोकांना उघडते. राजाचा वाडा, हुतात्म्याचे स्मारक आणि पिराचा दर्गा एकाच भिंतीआड. ज्यांना जमेल त्यांनी सहलीची तारीख यापैकी एखाद्या दिवसाशी जुळवावी. इतरांनी बाहेरूनच हात जोडून पुढे जावे.

चहा-नाश्ता आटोपायचा तर इथेच. तर्री पोहे नागपूरला मिळतात तसेच इथेही मिळतात आणि तर्रीच्या तिखटात चांदेकर आपल्याला मागे टाकतात, हे नागपूरच्या माणसाने मोकळ्या मनाने मान्य करावे. त्यानंतर गांधी चौक, गोल बाजार हा भाग चालतच पार करता येतो. बाजारात फार वेळ घालवू नका, तिथे जुने जे काही आहे ते पाट्यांच्या मागे गेले आहे.

रामाळा तलावाकडे मात्र वळा. गोंड काळातला हा तलाव तटाला लागून आहे आणि तटाची भिंत पाण्याच्या अंगाने कशी फिरते हे इथून नीट कळते. तलावाची स्थिती पाहून जीव हळहळतो. सांडपाणी, जलपर्णी, अतिक्रमण, सगळे आपल्या ओळखीचे. २०२१च्या सुरुवातीला याच तलावासाठी इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले होते.

त्यांचे नाव आले म्हणून इथेच सांगतो. आज आपण तटावर चालू शकतो याचे श्रेय पुष्कळसे त्यांच्या संस्थेला जाते. मार्च २०१७ मध्ये इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी तटावर वाढलेली झाडेझुडपे आणि पिढ्यान्‌पिढ्या टाकलेला कचरा काढायला सुरुवात केली. रोज सकाळी, फावडी-घमेली घेऊन. दोनशे दिवस झाले तरी काम चालूच होते आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्याआधी चंद्रपूरच्याच कित्येक लोकांना आपल्या घरामागची टेकाडे म्हणजे बुरूज आहेत याची कल्पना नव्हती. असे एकोणचाळीस बुरूज आहेत. संस्थेतर्फे सकाळी हेरिटेज वॉकही घेतला जातो. जाण्याआधी चौकशी करा. माहीतगार माणसासोबत तटावर घालवलेला एक तास एकट्याने भटकलेल्या अर्ध्या दिवसाइतका फळतो.

तटावर चढायला बगड खिडकीची बाजू सोयीची. खिडकी म्हणजे माणूस आणि फार तर एखादे जनावर जाईल एवढे लहान दार. चांद्याला अशा पाच खिडक्या आहेत: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. मोठ्या वेशी रात्री बंद झाल्या की ही दारे उपयोगी पडत. नावे वाचली तरी त्यांची कामे कळतात. मसाण खिडकीतून शेवटची यात्रा बाहेर पडत असे. खिडक्यांच्या आसपासचे मोहल्ले आजही त्याच नावांनी ओळखले जातात, तेव्हा पत्ता विचारताना गूगलपेक्षा पानठेल्यावर विचारा.

तटावर चढलात की पहिली गोष्ट ध्यानात येते ती त्याची रुंदी. बाहेरून दिसते ती घडीव दगडांची भिंत, पंधरा-वीस फूट उंच. पण तिच्या आत माती आणि दगडगोट्यांचा भराव घालून असा ओटा केला आहे की वरून दोन-तीन माणसे शेजारी शेजारी चालू शकतात. बाहेरच्या कडेला छातीएवढा कठडा, त्यात बंदुकीसाठी छिद्रे. अशाच एका छिद्राला डोळा लावून पाहा. बाहेरचा माणूस दिसतो, पण तिरक्या कापलेल्या दगडामुळे बाहेरच्याला आतला दिसत नाही. छिद्र आतून रुंद, बाहेरून अरुंद. हात घालून त्या दगडाच्या कडा चाचपल्या की छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात.

इथे जरा दूरचे उदाहरण देतो. पोलंडमधले क्राकूव हे जुने राजधानीचे शहर. तिथल्या उत्तर वेशीपुढचा गोल बुरूज, बार्बिकन, १४९८-९९ मध्ये बांधला गेला, म्हणजे साधारण आपल्या खांडक्या बल्लाळशाहाच्याच काळात. त्या शहरालाही पुरा तट होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो निरुपयोगी आणि घाण म्हणून पाडला गेला आणि त्याच्या जागी शहराभोवती बागेचा पट्टा केला. बार्बिकन आणि फ्लोरियन वेस तेवढी वाचली, कारण फेलिक्स रादवान्स्की नावाच्या प्राध्यापकाने सिनेटमध्ये हट्टाने बाजू मांडली. उत्तरेचे बोचरे वारे ही भिंत अडवते, असाही मुद्दा त्याने पुढे केला होता म्हणे. उरलेला तो तुकडा पाहायला आज जगभरातून लोक येतात. चांद्याचा बहुतेक सगळा तट उभा आहे आणि तो पाहायला नागपूरहूनही कोणी येत नाही.

आता पूर्वेची अंचलेश्वर वेस. अचलेश्वराचे देऊळ आणि गोंड राजांच्या समाध्या इथेच आहेत. माझ्या मते हे साऱ्या चंद्रपुरातले पहिल्या क्रमांकाचे स्थळ, तेव्हा इथे तास-दीड तास राखून ठेवा. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरची छोटी शिल्पे जवळ जाऊन पाहण्यासारखी आहेत. दर्शन घेऊन झाले की समाध्यांच्या आवारात या.

मधली मोठी समाधी बीरशाहाची. ती राणी हिराईने बांधली. बीरशाहाची गोष्ट नागपूरकरांनी मुद्दाम ऐकावी, कारण तिचे दुसरे टोक आपल्या बाजूला आहे. खापरखेड्याहून सावनेर, सौंसर असे उत्तरेला गेले की छिंदवाडा जिल्ह्यात देवगड लागते. तिथले गोंड घराणे वेगळे. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद त्याच घराण्यातला. या देवगडच्या दुर्गपालाला चांद्याच्या बीरशाहाने मुलगी दिली होती. जावयाने तिचा अपमान केला. बीरशाह सैन्य घेऊन निघाला. आख्यायिका म्हणते की लढाई अंगावर आली तेव्हा त्याने महाकालीचा धावा केला, तलवार आपोआप म्यानातून निघाली आणि दुर्गपालाचे मुंडके घेऊनच परतली. ते त्याने देवीला वाहिले आणि पुढे महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेने तोंड केलेले दगडी मुंडके बसवले गेले. देवळात गेल्यावर ते कुठे आहे असे पुजाऱ्यांना जरूर विचारा.

अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बीरशाहाचा हिरामण नावाच्या राजपूत सरदाराने खून केला. मुलगा नव्हता. हिराईने रामशाहाला दत्तक घेतले आणि त्याच्या नावाने पंधराएक वर्षे राज्य चालवले. नवऱ्याची समाधी उभारली, महाकालीचे आजचे देऊळ बांधले. समाधीपुढे उभे राहिलात की एक गोष्ट चटकन जाणवते. बाजूला वंशातल्या इतर राजांच्या समाध्या आहेत, त्यात पराक्रमी म्हणावेत असे राजे आहेत, पण त्या सगळ्या हिच्यापुढे खुज्या वाटतात. राज्य संकटात असताना एका विधवा राणीने एवढी मोठी वास्तू उभी केली, ती केवळ दुःखापोटी नव्हे. गादी कुठे गेलेली नाही, हे शेजाऱ्यांना आणि दरबारातल्या महत्त्वाकांक्षी माणसांना दाखवायचे होते, असा माझा तर्क आहे. ताजमहालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी आपल्यापासून चार तासांच्या आत आहे, तीही सांगायला हवी.

इथून महाकाली मंदिर जवळच, तटाबाहेर, झरपटच्या बाजूला. आत देवीची उभी मूर्ती आहे आणि भुयारातून खाली उतरून निद्रिस्त मूर्तीचे दर्शन घ्यायचे असते. वाट अरुंद आहे. रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी गर्दीच्या दिवशी खाली जाण्याचा हट्ट करू नये. मंगळवारी रांग मोठी असते. झरपटचे आजचे पाणी पाहून खांडक्याची गोष्ट मनात आणू नका, वाईट वाटेल.

महाकालीपासून पुढे लालपेठेकडे जायला ऑटो करा. इथे जे आहे ते चंद्रपुरातले सर्वात विलक्षण आणि सर्वात दुर्लक्षित. उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडलेल्या आहेत. दहा मस्तकांची दुर्गा, नंदी, गणपती, मारुती, मत्स्य, कूर्म, भीम. प्रत्येक मूर्ती एकेका दगडाची. दुर्गेची तर लांबी पंचवीस फुटांच्या घरात. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने मोठे शिवमंदिर बांधायला घेतले, मूर्ती घडवून झाल्या आणि देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला, असे सांगतात. मूर्ती घडल्या तिथेच राहिल्या. जाणकार डोळ्याला त्यांची घडण काहीशी ओबडधोबड वाटेल, तशी ती आहेही. पण देवळाच्या अंधारात दुरून बघायची मूर्ती इथे तुमच्यासमोर उन्हात आडवी आहे. दहा मस्तके एका ओळीत कशी बसवली, हातांचा गुंता कसा सोडवला, हे वाकून पाहता येते. पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. मूर्तींवर चढून फोटो काढू नका, हे सांगायला लागू नये, पण लागते.

जेवण उरकून दुपारी दक्षिणेच्या पठाणपुरा गेटवर या. जटपुऱ्याच्या मानाने इथे शांतता आहे, त्यामुळे वेस म्हणून पाहायला हीच उत्तम. दाराच्या वरचा कठडा, बाजूचे बुरूज, शार्दूल, सगळे एका नजरेत येते. बाहेर पडले की थोड्या अंतरावर झरपट आणि इरईचा संगम.

शहराच्या याच अंगाला, आग्नेयेकडे, १८१८च्या मे महिन्यात चांद्याचा शेवट झाला. गोंडांचे राज्य त्याआधीच, १७५१ मध्ये, नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी घेतले होते आणि शेवटचा राजा नीलकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत गेला होता. म्हणजे १८१८ मध्ये तटावर लढले ते भोसल्यांचे शिपाई. अप्पासाहेब भोसले आणि दुसरा बाजीराव यांचा डाव उधळल्यावर कर्नल अ‍ॅडम्सची फौज चांद्यापुढे येऊन बसली. तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि हल्ला चढवला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. सैन्य शहरात शिरल्यावर जे व्हायचे ते झाले, लूट झाली. पाडलेला भाग पुढे दुरुस्त केला गेला, तरी तटावरून चालताना दगडांच्या थरांची रेघ कुठे तुटते हे बघत राहिले की असे सांधे दिसतात.

पश्चिमेची बिनबा वेस वेळ उरला तरच. ती इरईच्या बाजूची. वर्धेला पूर आला की इरईचे पाणी मागे फुगते आणि बाहेरच्या सखल वस्त्यांत शिरते. शत्रूसाठी बांधलेला तट पुराच्या दिवसांत आतल्या शहराच्या कामी येतो, हे तिथली म्हातारी माणसे सांगतात.

जुन्या शहराच्या यादीत न बसणारे एक ठिकाण मात्र सोडू नका. १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, हे जगाला माहीत आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपुरात होते आणि तिथेही लोकांनी त्यांच्या हातून दीक्षा घेतली. ती दीक्षाभूमी शहरातच आहे.

बल्लारपूरचा किल्ला पंधराएक किलोमीटरवर, वर्धेच्या काठावर. एका दिवसात तोही कोंबू नका. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लारपूर आणि परतताना भद्रावतीची विजासन लेणी, असा बेत करा. भद्रावती रस्त्यावरच आहे, त्यामुळे वाट वाकडी करावी लागत नाही. ताडोब्याचे बुकिंग मात्र या सहलीला जोडू नका. सफारीची वेळ पहाटेची, तटावर चालायची वेळही तीच. दोन्ही धड होत नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी. पायांत चपला नकोत, बूट घाला, कारण तटावर बाभळीचे काटे आणि फुटलेल्या बाटल्या दोन्ही भेटतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी. तटाच्या आतल्या बाजूला लोकांची घरे अगदी चिकटून आहेत. वरून चालताना त्यांचे अंगण, न्हाणीघर दिसते, तेव्हा कॅमेरा बाहेरच्या बाजूला वळवलेला बरा. ढासळलेल्या बुरुजांच्या कडेवर मुलांना सोडू नका. आणि चंद्रपूरला बदलून गेलेला एखादा जुना सहकारी ऊर्जानगरात असेलच, त्याला आधी फोन करा. त्यानेही यातले निम्मे पाहिलेले नसण्याची शक्यता आहे, त्यालाही सोबत घ्या.

हाताशी फक्त दोन तास असतील, एखाद्या लग्नाला किंवा ऑफिसच्या कामाला गेला असाल, तर बाकी सगळे सोडा. सरळ अंचलेश्वर गेटला जा, हिराईने बांधलेली समाधी पाहा आणि तिथून जेवढा जमेल तेवढा तट चाला.